साक्षीदार म्हणते : हो

धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात
एकोणतीस वर्षं मी दुभाष्या होतो.
'बोनाफाइड' रोज यायचं, 'नोटीस टू क्विट' तर चहाबरोबर.
'इम्प्लॅकेबल' एकदाच आलं,
एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीला वीस मिनिटं उरलेली असताना.

लालबागच्या मसाल्याच्या डंखाचा दावा.
सख्ख्या जावा. एक छप्पर, दोन डंख, मधे पत्रा.
(अर्जात 'पाउंडिंग मशीन' लिहिलेलं.
डंखाचा दुसरा अर्थ इंग्रजीत पोचलाच नव्हता.)

पिंजऱ्यात सगुणा गुंजाळ,
मनगटापर्यंत लाल हात.
त्या आल्या तसा टंकलेखक दोनदा शिंकला.
वकील पोचखानवालांनी चष्मा कपाळावर सरकवला :
वादी म्हणते, यांचं वैर इम्प्लॅकेबल आहे.
विचारा बाईंना, खरं का?

मी तोंड उघडलं, आणि शब्द नव्हता.

कट्टर म्हणावं, तर भक्तही कट्टर असतो.
हाडवैर जवळ जातं,
पण हाडं शेवटी मडक्यात मावतात.
खुन्नस नाक्यावरची पोरं देतात
आणि संध्याकाळी एकाच कागदातली भजी खातात.
विळ्या-भोपळ्याचं म्हणावं,
तर त्यात भोपळ्याने काय केलंय?

पहिल्या पगारात घेतलेला माझा कोश सांगत होता,
हे विशेषण शत्रूला लागतं, समुद्राला लागतं,
नशिबाला लागतं.
लहान मुलाला लागत नाही. मूल गोळीवर ऐकतं.
आणि शब्दाच्या पोटात, अगदी तळाशी,
मनधरणी आहे.
म्हणजे आधी कुणीतरी गेलं होतं समजूत काढायला,
खणनारळ घेऊन, पदर सावरून,
आणि दारातूनच परत आलं.
रागाचा नाहीच तो शब्द.
परत आलेल्या नारळाचा आहे.

न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिलं.
मी म्हणालो, "बाई, तुमचं वैर कशानेच मिटणारं नाही
असं ते म्हणतात. खरं का?"

बाईंनी कठड्यावरचे हात उचलले. दोन लाल ठसे राहिले.

"मिटायला काय, मिटेल.
नारळ माझ्याकडून गेला होता एकदा, तिच्याकडूनही आलेला.
पण बावीस वर्षं पहाटे तिचा डंख वाजला
की मी माझा चालू करते.
तिच्याआधी नाही, तिच्यानंतर दोन मिनिटांनी.
एकदा वाजलाच नाही. तापाने पडलेली.
मी मिरच्या तशाच टाकून
पत्र्याला कान लावून बसले, उन्हं येईस्तोवर.
आता याला तुमच्यात काय म्हणतात
ते तुम्ही लिहा."

टंकलेखकाची बोटं माझ्याकडे बघत होती.
माझ्याकडे दोन भाषा होत्या
आणि दोन्हीत जागा नव्हती.
"हो की नाही, एवढंच सांगा," वरून आवाज आला.

मी इंग्रजीत म्हणालो :
साक्षीदार म्हणते, हो.

ते नोंदलं गेलं. त्यावर शिक्का बसला.
पत्र्याच्या जागी भिंत घालायचा हुकूम झाला,
नऊ इंची, दोघींच्या खर्चाने.

निवृत्तीनंतर एकदा गेलो, अर्धा किलो मालवणी घ्यायला.
पलीकडे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान.
सगुणाबाईंनी ओळखलं नाही.
पुडी बांधताना मागची भिंत दिसली, चुन्याची, पांढरी,
आणि पाटावर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर
एक गोल, तेलकट, तांबूस डाग.

सुट्टे नव्हते माझ्याकडे.
"राहू द्या," त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेला."
मी अजून दिलेले नाहीत.